जिनिव्हात ठरणारा दर्जा आणि खानापूर तालुक्यातली तक्रार: यांचा एकमेकांशी संबंध कसा लावावा?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्व वाचकांना नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक असून गेली सात-आठ वर्षे आमच्या आणि शेजारच्या दोन-तीन गावांतील लोकांचे अर्ज, तक्रारी आणि माहिती अधिकाराची पत्रे लिहून देण्याचे काम करतो. प्रश्न विचारण्यापूर्वी एक प्रसंग सांगतो, कारण प्रश्न त्यातूनच उभा राहिला आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या वाडीतील एका आजींचे निराधार पेन्शन अचानक थांबले. तीन महिने बँकेच्या फेऱ्या मारून झाल्यावर कळले की, कागदपत्रांच्या फेरतपासणीची नोटीस कचेरीच्या फलकावर लागून गेली होती आणि मुदत उलटल्यामुळे त्यांचे नाव यादीतून कमी झाले होते. मी त्यांना घेऊन त्या कचेरीत गेलो. नोटीस अजून फलकावरच होती. पावसाच्या झडीने तिचा खालचा कोपरा भिजून शाई पसरली होती. ती संपूर्णपणे कन्नडमध्ये होती. आजींना मराठीसुद्धा जेमतेम वाचता येते. त्यांच्या चौथीतल्या नातीने बोट ठेवून एकेक अक्षर लावायला सुरुवात केली आणि ‘दिनांक’ या शब्दाशी येऊन ती थांबली, कारण दोन्ही भाषांत सारखा असलेला तेवढाच शब्द तिला कळला होता.

मी तिथेच बाकावर बसून मराठीत अर्ज लिहिला. खिडकीवरच्या कारकुनांनी आजींना स्वतःची खुर्ची दिली, पाणी विचारले, पण अर्ज मात्र परत केला. मराठी अर्जाला आवक क्रमांक देता येत नाही, कन्नडमध्ये लिहून आणा, असे त्यांचे म्हणणे होते. त्या माणसावर माझा राग नाही. त्याला जे सांगितले गेले आहे तेच तो करत होता. पेन्शन पुढे सुरू झाले, परंतु मधल्या महिन्यांचे पैसे आजही मिळालेले नाहीत.

आता प्रश्न. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे दाद मागावी असे मनात असतानाच वाचनात आले की, अशा राष्ट्रीय संस्थांची जी जागतिक आघाडी आहे, तिच्या जिनिव्हात बसणाऱ्या मानांकन उपसमितीने मार्च २०२५ मध्ये आपल्या आयोगाचा दर्जा ‘ए’वरून ‘बी’वर आणण्याची शिफारस केली. हे वाचून मी गोंधळलो आहे. आपल्या देशातल्या आयोगाला बाहेरच्या संस्थेने दर्जा का द्यावा, दर्जा घसरला तर आमच्यासारख्यांच्या तक्रारीवर त्याचा काय परिणाम होतो, आणि इतर देशांच्या आयोगांशी होणाऱ्या या सहकार्याने आपला आयोग खरोखर बळकट होतो की हे सारे परिषदांपुरतेच राहते, हे कोणी समजावून सांगेल का? आणि मूळ गोष्ट म्हणजे, आजींची तक्रार नेमकी कोणाकडे करावी?

मार्कंडेय (बेळगाव)

गुरुजी, नमस्कार. मी येथील न्यायालयात वकिली करतो. तुमच्या प्रश्नाची दोन टोके आहेत. आधी जिनिव्हाचे टोक धरतो, आजींच्या तक्रारीकडे शेवटी येतो.

ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसला वेगवेगळ्या देशांतील मानवी हक्क संस्थांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि अशी संस्था कशी असावी याचे निकष त्यांनी ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० डिसेंबर १९९३ च्या ठरावाने ते स्वीकारले. त्यांनाच पॅरिस तत्त्वे म्हणतात. संस्था कायद्याने स्थापन झालेली असावी, तिच्या रचनेत समाजातील निरनिराळ्या घटकांचे प्रतिबिंब असावे, तिला स्वतःचा पैसा आणि स्वतःचे कर्मचारी असावेत, आणि सरकारला न आवडणारी गोष्ट सांगितली म्हणून तिच्या सदस्यांना घरी बसावे लागू नये, असा त्यांचा थोडक्यात आशय आहे. आपला आयोग १२ ऑक्टोबर १९९३ ला स्थापन झाला, म्हणजे आमसभेच्या ठरावाच्याही दोन महिने आधी. त्यामुळे ही बाहेरून लादलेली कल्पना आहे असे मला वाटत नाही.

महाविद्यालयांना नॅकचे मानांकन मिळते हे आपण जाणतो. इथली पद्धत साधारण तशीच आहे. आफ्रिका, अमेरिका खंड, आशिया-पॅसिफिक आणि युरोप या चार विभागांतून ‘ए’ दर्जाच्या प्रत्येकी एका संस्थेचा प्रतिनिधी उपसमितीवर असतो आणि दर पाच वर्षांनी प्रत्येक संस्थेची फेरतपासणी होते. म्हणजे परीक्षक सरकारे नसून त्याच कामातले सहकारी असतात. ‘ए’ दर्जाच्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत स्वतःच्या नावाने बोलता येते, कागदपत्रे सादर करता येतात आणि आघाडीत मत देता येते. ‘बी’ दर्जाची संस्था उपस्थित राहू शकते, परंतु तिला हे अधिकार नसतात.

आपल्या आयोगाला १९९९ पासून ‘ए’ दर्जा होता. २०१६ मध्ये निर्णय लांबणीवर पडला, २०१७ मध्ये दर्जा कायम झाला, २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा निर्णय लांबला आणि मग तुम्ही वाचलेली शिफारस आली. आक्षेप एका दिवसात उपटलेले नाहीत. मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे आयोगाचे महासचिव हे केंद्र सरकारच्या सचिव दर्जाचे अधिकारी असतात आणि तपास विभाग पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली चालतो. हे दोन्ही सरकारने पुरवायचे असतात. उपसमिती वर्षानुवर्षे हाच मुद्दा मांडत आली आहे: ज्या पोलिसांविरुद्ध तक्रार आहे त्यांचा तपास पोलिसांनीच कसा करायचा? शिवाय सदस्यांच्या निवडीत पारदर्शकता नाही, महिला आणि अल्पसंख्याक यांचे प्रतिनिधित्व अपुरे आहे, स्वयंसेवी संस्थांशी संवाद तुटपुंजा आहे, हेही मुद्दे आहेत. आयोगाचे अध्यक्षपद जून २०२४ पासून डिसेंबरपर्यंत रिकामे होते, कार्यकारी अध्यक्षांवर काम चालले, आणि निवड झाली तेव्हा समितीतील विरोधी पक्षनेत्यांनी असहमतीचे टिपण नोंदवले. जाहिरात, अर्ज, निकष, चर्चा हे सगळे उघडपणे झाले असते तर असे टिपण लिहिण्याची वेळ आली नसती.

हे आपल्याशी कसे जोडलेले आहे ते पाहा. उद्या हिंडलगा कारागृहात किंवा जिल्ह्यातील एखाद्या पोलीस ठाण्यात कोणाचा मृत्यू झाला, तर आयोगाच्या डिसेंबर १९९३ च्या सूचनेप्रमाणे चोवीस तासांत त्याची खबर आयोगाला गेली पाहिजे. खबर जाईलही. पुढचा तपास ज्या विभागाकडे येतो तिथले अधिकारी पोलीस खात्यातूनच प्रतिनियुक्तीवर आलेले असतात आणि काही वर्षांनी त्याच खात्यात परत जायचे असतात. मयताच्या आईच्या मनात या गोष्टीने जी शंका उभी राहते, तीच उपसमितीच्या अहवालात सभ्य भाषेत लिहिलेली असते. २०१६ मध्ये मणिपूरच्या चकमकींच्या प्रकरणात तर आयोगानेच आपली अवस्था दात नसलेल्या वाघासारखी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले होते.

आता सहकार्याने बळ येते का? माझ्या मते येते, पण एकाच वाटेने येते: त्या सहकार्यामुळे देशातला कायदा बदलला तर. मलेशियाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. २००८ मध्ये तिथल्या आयोगाला दर्जा घसरण्याची सूचना मिळाली. सरकारने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, सदस्यनिवडीसाठी समिती आणली, दोन वर्षांची मुदत तीन वर्षे केली आणि आयोगाचा ‘ए’ दर्जा वाचला. दक्षिण कोरियाच्या आयोगाचा निर्णय २०१४ पासून ओळीने तीनदा लांबला. २०१६ मध्ये कायदा दुरुस्त झाल्यावर दर्जा कायम झाला. श्रीलंकेचा आयोग २००७ मध्ये ‘बी’वर गेला आणि पुन्हा ‘ए’ मिळायला २०१८ साल उजाडले. आपल्याकडे २०१९ मध्ये दुरुस्ती झाली ती पाहा: अध्यक्षपद माजी सरन्यायाधीशांखेरीज सर्वोच्च न्यायालयाच्या इतर माजी न्यायाधीशांनाही खुले झाले, किमान एक महिला सदस्य आली, परंतु मुदत पाचवरून तीन वर्षांवर आली आणि कलम ११ ला हात लागला नाही. दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असे झाले.

आजींच्या तक्रारीबद्दल. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला आपले गाऱ्हाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. आवक क्रमांक नाकारणे हे त्या अनुच्छेदाला धरून नाही. केंद्र सरकारच्या १९५६ च्या निवेदनापासून चालत आलेल्या भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणांत असेही आहे की, तालुक्यात किंवा नगरपालिकेत एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के वा अधिक असतील, तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही निघाव्यात. खानापुरात मराठी लोक किती आहेत हे मी सांगायला नको. म्हणून पहिले पत्र अनुच्छेद ३५०-ब खालील भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना, आणि पेन्शनच्या थकबाकीचे दुसरे पत्र मानवी हक्क आयोगाला, असे दोन वेगळे कागद करा. राष्ट्रीय आयोगाच्या नियमांप्रमाणे आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत तक्रार करता येते, म्हणजे मराठीत करता येते, आणि त्याला शुल्क नाही.

तीन गोष्टी सांभाळा. घटनेपासून एक वर्ष उलटले तर मानवी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ३६ आड येते. राज्य आयोगाकडे प्रकरण प्रलंबित असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालू शकत नाही, म्हणून कोणत्या दारात जायचे ते आधी ठरवा. आणि तक्रारीत सीमाप्रश्नाचा उल्लेखही करू नका. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, न्यायप्रविष्ट विषय आयोग घेत नाही, आणि त्या एका वाक्यापायी आजींचा कागद बंद फायलीत जाईल. सीमाप्रश्नाविषयी माझ्या भावना तुमच्याइतक्याच तीव्र आहेत, तरीही हे सांगतो.

घटप्रभा (चिकोडी)

वकीलसाहेबांनी माहिती चांगली दिली, परंतु मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. १९५६ पासून आपल्या मागच्या दोन पिढ्यांनी लाठ्या खाल्ल्या, प्राण दिले, आणि हे सारे देशाच्या राज्यघटनेवर विश्वास ठेवून केले. आपला प्रश्न आपल्याच संसदेत आणि न्यायालयात सुटावा ही भूमिका आपण कधी सोडली नाही. आता जिनिव्हाच्या गुणपत्रिकेच्या आधाराने आपल्या आयोगाला नावे ठेवायला लागलो, तर विरोधक दुसऱ्याच दिवशी आपल्याला देशाबाहेर तक्रारी नेणारे ठरवतील, आणि त्याची किंमत सीमाभागातला सामान्य मराठी माणूस मोजेल.

दुसरे असे की, गुरुजींनी सांगितलेली अडचण मराठी माणसाचीच आहे असे नव्हे. माझी बहीण महाराष्ट्रातल्या जत तालुक्यात दिली आहे. तिथल्या कन्नड म्हाताऱ्यांपुढे मराठी नोटीस आली की त्यांचीही गत आजींसारखीच होते. या विषयावर दोन्हीकडच्या लोकांनी मिळून बोलले तर त्याला वजन येईल. त्यासाठी जिनिव्हाला कशाला जायला हवे?

वेदगंगा (निपाणी)

नमस्कार. मी गेली चौदा वर्षे निपाणी, रायबाग, अथणी या भागात महिलांच्या प्रश्नांवर काम करते. वरच्या दोघांचे लिखाण वाचून मला कागदावरच्या हद्दीबद्दल सांगावेसे वाटले, कारण आमच्या कामात सगळे तिथेच अडते.

देवाला सोडलेल्या बायकांचे उदाहरण घ्या. सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर बेळगाव जिल्ह्यात आहे, भक्त मात्र कोल्हापूर-सांगलीकडून तितकेच येतात. कर्नाटकाचा देवदासी बंदीचा कायदा १९८२ चा आणि महाराष्ट्राचा २००५ चा. दोन्ही कायदे चांगले आहेत. परंतु मुलीच्या गळ्यात मोती बांधले गेले, म्हणजे तिला देवाला सोडले गेले, अथणीकडे, ती वाढली मिरजेला आणि तिथल्या वस्तीतून तिची सुटका झाली, तर पुनर्वसनाचा पैसा कोणत्या राज्याने द्यायचा? माझ्यासमोर बसलेल्या एका बाईच्या पिशवीत दोन रेशनकार्डांच्या झेरॉक्स होत्या, एक कन्नड आणि एक मराठी, आणि दोन्ही कचेऱ्यांत तिला ‘तुम्ही तिकडच्या’ असेच ऐकावे लागले होते. तिने त्या झेरॉक्स इतक्या वेळा उलगडल्या होत्या की घडीवर कागद फाटला होता आणि मागून सेलोटेप लावली होती.

ऊसतोडीचे तसेच. बीडकडचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतो आणि टोळी आमच्या भागातल्या कारखान्याच्या फडावर उतरते. उचल तिकडची, राबणे इकडचे, बाळंतपण फडावरच्या पालात, आणि मुलांची शाळा कुठेच नाही. वेठबिगारीविरोधी कायद्यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये राष्ट्रीय आयोगाकडे सोपवली आहे. तरीही मुकादमाने अडवून ठेवलेल्या जोडप्याची तक्रार लिहायला बसले की पहिला प्रश्न हाच येतो: बेंगळूरला पाठवू की मुंबईला?

राष्ट्रीय आयोग काहीच करत नाही असे मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये देवदासी प्रथेविषयीच्या बातमीची स्वतःहून दखल घेऊन आयोगाने केंद्राला आणि सहा राज्यांना नोटिसा काढल्या, त्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होते. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या एका गावात एका बाईची जी विटंबना झाली, तिचीही आयोगाने स्वतःहून दखल घेतली. नोटीस निघते तेव्हा तालुक्यातला अधिकारी जागा होतो, हे मी स्वतः पाहिले आहे; एरवी भेटीची वेळ न देणारे साहेब त्या आठवड्यात आम्हाला फोन करून यादी मागतात. परंतु आयोग शिफारस करतो, आदेश देत नाही. सहा महिन्यांनी त्या यादीचे काय झाले हे विचारायला आयोगाचा माणूस येत नाही, कारण तेवढी माणसेच नाहीत. घटप्रभा दादांनी जतचे सांगितले ते मला फार पटले. परंतु दोन्हीकडच्या लोकांनी एकत्र बोलायचे ठरवले, तरी ते ऐकून घेणारी एक जागा लागते. ती आज नाही.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

वेदगंगा ताईंनी जी जागा नाही म्हटले, नेमकी तीच जागा एका दुसऱ्या सीमेवर निर्माण झालेली आहे, म्हणून लिहितो. मी राज्यशास्त्र शिकवतो.

आयर्लंड बेटावर १० एप्रिल १९९८ ला जो शांतता करार झाला, त्यात उत्तरेला आणि दक्षिणेला एकेक मानवी हक्क आयोग असावा आणि दोन्ही आयोगांच्या प्रतिनिधींची एक संयुक्त समिती असावी, असे कलम घातले गेले. सीमा कोणाची यावर तिथे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक रक्त सांडले आहे आणि तो प्रश्न कराराने मिटवलेला नाही. तरीही सीमेच्या दोन्ही बाजूंच्या माणसाला समान हक्क कसे मिळतील यावर दोन आयोग एका टेबलाशी बसू लागले. २०११ मध्ये या समितीने संपूर्ण बेटासाठीच्या हक्कांच्या सनदेविषयीचा आपला सल्ला दोन्ही सरकारांना दिला. त्यांची सीमा दोन देशांमधली आहे, आपली एका देशातल्या दोन राज्यांमधली. त्यांना जे अवघड परिस्थितीत साधले ते आपल्याला कमी अडचणीत साधायला हरकत नसावी. कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या राज्य आयोगांची बेळगाव, विजयपूर, बिदर, कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यापुरती संयुक्त बैठक, वर्षातून दोनदा, एकदा इकडे आणि एकदा तिकडे, अशी मागणी करता येईल. तिच्यात जतच्या कन्नड म्हाताऱ्यांचा आणि खानापूरच्या आजींचा विषय एकाच कागदावर येईल. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे परिषदा असे न धरता, दुसऱ्याने शोधलेली रीत तपासून आपल्या मातीत लावून पाहणे असे धरले, तर त्याचा उपयोग इथपर्यंत पोहोचतो.

घटप्रभा दादांच्या आक्षेपाबद्दल आदराने दोन गोष्टी मांडतो. आपल्या १९९३ च्या कायद्यात मानवी हक्कांची व्याख्या करतानाच राज्यघटनेच्या जोडीने १९६६ च्या दोन आंतरराष्ट्रीय करारांचा उल्लेख आहे. भारताने ते करार १० एप्रिल १९७९ ला स्वीकारले. त्यांपैकी नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचा अनुच्छेद २७ भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या समाजातील इतरांसह स्वतःची भाषा वापरण्याचा हक्क देतो. आणि कलम १२ प्रमाणे अशा करारांचा अभ्यास करून त्यांच्या अंमलबजावणीविषयी शिफारशी करणे हे आयोगाचे कर्तव्यच आहे. तेव्हा त्या करारांचा आधार घेणे म्हणजे देशाबाहेर जाणे नव्हे. तो आधार आपल्या संसदेने कायद्यात लिहून ठेवला आहे.

दुसरी गोष्ट अशी की, या सहकार्यात भारत फक्त परीक्षार्थी नाही. १९९६ मध्ये डार्विनला आशिया-पॅसिफिक विभागातील मानवी हक्क संस्थांचा मंच स्थापन झाला तेव्हा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंडोनेशियाच्या बरोबरीने भारताचा आयोग संस्थापकांपैकी एक होता. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या मंचाची वार्षिक सभा नवी दिल्लीत भरली. २०२४ मध्ये विकसनशील देशांच्या आयोगांतील अधिकाऱ्यांसाठी आपल्या आयोगाने प्रशिक्षणवर्ग घेतला. जो दुसऱ्यांना शिकवतो त्याने आपली वही तपासायला द्यायला कचरू नये, असे मला शिक्षक म्हणून वाटते.

एक कमतरता मात्र मला खरोखर बोचते. भारतातील मानवी हक्कांच्या स्थितीचा सर्वंकष आढावा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत नोव्हेंबर २०२२ मध्ये चौथ्यांदा झाला. अशा आढाव्याच्या आधी कोणत्याही लहान संस्थेला आपले निवेदन पाठवता येते. एकट्या संस्थेसाठी २,८१५ शब्दांची मर्यादा असते आणि ते इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये द्यावे लागते. सीमाभागात सत्तर वर्षे निवेदने लिहिणारी माणसे आहेत, परंतु या साच्यात बसणारे एक निवेदन तयार करायला आपण कधी एकत्र बसलो नाही. ताईंकडे असलेली माहिती, वकीलसाहेबांचा कायदा आणि इंग्रजी येणारे आमचे विद्यार्थी, एवढ्यावर हे काम होईल. पुढच्या आढाव्याला अजून अवधी आहे; संकेश्वरला आमच्या घरी बसायची सोय मी करतो.

घटप्रभा (चिकोडी)

सरांचा मुद्दा मान्य. कायद्याच्या व्याख्येतच ते करार आहेत हे मला माहीत नव्हते. जिनिव्हाला निवेदन पाठवण्याविषयी माझे मन अजून पूर्ण तयार नाही, परंतु दोन राज्य आयोगांच्या संयुक्त बैठकीची मागणी असेल तर तिच्यावर पहिली सही मी करीन आणि जतहून मेहुण्यांची सही आणीन. ते कन्नडमध्ये सही करतात. मागणीपत्र दोन्ही भाषांत असू द्या.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे दोन वेगळी पत्रे लिहायला घेतली आहेत. सीमाप्रश्नाचा परिच्छेद मी पहिल्या मसुद्यात घातला होता. काल रात्री तो काढला. काढताना जड गेले, पण आजींचा कागद पुढे जाणे महत्त्वाचे आहे.

दोन शंका आहेत. अर्ज परत केल्याचा लेखी पुरावा माझ्याकडे नाही, कारण कारकुनांनी तोंडीच सांगितले. नोटिशीचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे. तेवढ्यावर भागेल का? आणि आजींचा अंगठा चालेल की सहीच लागते?

मार्कंडेय (बेळगाव)

गुरुजी, अंगठा चालतो. अंगठ्याखाली त्यांचे नाव लिहा, आणि मजकूर त्यांना मराठीत वाचून दाखवला असे एक वाक्य घालून तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा.

पुराव्यासाठी असे करा. तोच मराठी अर्ज आता पुन्हा त्याच कचेरीला पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. टपाल नाकारले तर शेरा मारून लिफाफा तुमच्याकडे परत येईल, तो न उघडता जपून ठेवा. स्वीकारले तर पावती हाच पुरावा. नोटिशीच्या फोटोची छापील प्रत जोडा आणि फोटो कोणत्या तारखेला काढला ते मागे लिहा. बँकेच्या पासबुकातील पेन्शन जमा होत असलेला शेवटचा महिना आणि पुन्हा सुरू झालेला महिना, या दोन पानांच्या झेरॉक्स लावा. आयोगापुढे या दोन पानांइतके बोलके दुसरे काही नसेल. तक्रारीत त्या कारकुनाचे नाव घालू नका, पद आणि कचेरी पुरे. मागणी स्पष्ट लिहा: थकलेल्या महिन्यांची रक्कम, आणि यापुढे त्या फलकावर मराठी नोटीस.

एक वर्षाची मुदत नोटिशीच्या तारखेपासून मोजा, पेन्शन सुरू झाल्याच्या तारखेपासून नको, म्हणजे धोका राहणार नाही. तुम्ही मागचा पावसाळा म्हणालात, तेव्हा हातात फार दिवस नाहीत. शनिवारी बेळगावला येणे झाले तर कागद घेऊन या. दुपारी तीननंतर मी मोकळा असतो.